बोलणारा लिंकन : मनोरंजन उद्यानांतील ॲनिमॅट्रॉनिक पुतळे आणि इतिहासाचे यांत्रिक सादरीकरण

बीजशब्द : ॲनिमॅट्रॉनिक्स, डिस्नेलँड, जागतिक प्रदर्शन १९६४, अब्राहम लिंकन, सार्वजनिक इतिहास

प्रस्तावना :

दि. २२ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कमधील फ्लशिंग मेडोज येथे जागतिक प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या भाषणात वंशभेदविरोधी कार्यकर्त्यांच्या घोषणांनी व्यत्यय येत होता. 'कोअर' या नागरी हक्क संघटनेचे नेते जेम्स फार्मर यांना त्याच दिवशी प्रदर्शनाच्या आवारात अटक झाली. गुलामगिरीच्या निर्मूलनाशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या अब्राहम लिंकनचा एक यांत्रिक पुतळा त्याच आवारातील इलिनॉय राज्याच्या दालनात उभा होता. खुर्चीतून उठून प्रेक्षकांसमोर भाषण करणारा पुतळा म्हणून त्याची मोठी जाहिरात झाली होती. परंतु उद्घाटनाच्या दिवशी यंत्रणा नीट चालेना आणि लिंकन गप्पच राहिला. काही दिवसांनंतर तो बोलू लागला. तो काय बोलला आणि ते शब्द कोणी निवडले, हा प्रश्न मनोरंजनाच्या इतिहासापुरता मर्यादित राहत नाही.

मनोरंजन उद्यानांतील हलत्या-बोलत्या पुतळ्यांकडे आजवर मुख्यतः तंत्रज्ञानाची नवलाई म्हणून पाहिले गेले. वास्तविक दरवर्षी लक्षावधी लोक आपल्या देशाचा भूतकाळ प्रथम ज्या ठिकाणी 'पाहतात', त्यांत या पुतळ्यांच्या दालनांचा समावेश करावा लागतो. पाठ्यपुस्तकाची चिकित्सा होते, स्मारकावर वाद होतो; यांत्रिक पुतळ्याचे भाषण मात्र करमणूक समजून ऐकले जाते आणि म्हणूनच ते निर्वेधपणे मनात उतरते. प्रस्तुत निबंधात अमेरिकेतील डिस्ने संस्थेच्या पुतळ्यांचा विकास आणि त्यांच्या मुखातून सांगितला गेलेला इतिहास यांचा एकत्रित विचार केला आहे.

पूर्वपीठिका :

स्वतःहून हालचाल करणाऱ्या आकृतींचे आकर्षण फार जुने आहे. परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकातील ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय असून त्यात यांत्रिक पुरुष व प्राणी यांची वर्णने येतात. अल् जझारी याने इ.स. १२०६ च्या सुमारास पाण्याच्या बळावर चालणाऱ्या वादक बाहुल्यांची रचना नोंदवून ठेवली. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये व्होकान्सनचे यांत्रिक बदक आणि स्वित्झर्लंडमध्ये जाके-द्रो यांचा कागदावर अक्षरे लिहिणारा मुलगा गाजला. टिपू सुलतानाचा इंग्रज शिपायावर झेपावलेला आणि गुरगुरणारा लाकडी वाघ इ.स. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती लागला. तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. या वाघाचे उदाहरण येथे मुद्दाम घ्यावेसे वाटते. यांत्रिक खेळणे राजकीय विधान करू शकते हे त्याच्याइतके स्पष्टपणे क्वचितच दुसऱ्या कशातून दिसते.

मात्र यांतील अनेक यंत्रे एका धन्याची होती. दरबारात किंवा श्रीमंताच्या दिवाणखान्यात ती चालत. रोज सकाळी दार उघडल्यापासून रात्रीपर्यंत, दर काही मिनिटांनी, तिकीट काढून आलेल्या नव्या प्रेक्षकांपुढे अचूक तोच प्रयोग करावयाचा, ही गरज विसाव्या शतकातील उद्यानाने निर्माण केली.

नाचणाऱ्या बाहुलीपासून गाणाऱ्या पक्ष्यांपर्यंत :

व्यंगचित्रपटांचे निर्माते वॉल्ट डिस्ने यांच्या मनात १९५० च्या आसपास लहान आकाराच्या हलत्या दृश्यांची कल्पना घोळत होती. इ.स. १९५१ च्या सुमारास रॉजर ब्रॉगी आणि वॉथेल रॉजर्स या त्यांच्या तंत्रज्ञांनी वीतभर उंचीचा एक नाचणारा माणूस तयार केला. नट बडी एब्सन याचे नृत्य चौकटी आखलेल्या पडद्यासमोर चित्रित करून त्याच्या अवयवांच्या जागा मोजण्यात आल्या आणि त्या हालचाली कॅमच्या, म्हणजे कडेला चढउतार असलेल्या फिरत्या चकत्यांच्या साहाय्याने बाहुलीत उतरविण्यात आल्या. गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यांत मोटारीवर फिरणारी चकती आणि तिला जोडलेला दांडा ज्याने पाहिला आहे, त्याला या रचनेचे मूळ तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. या तत्त्वाची मर्यादाही उघड आहे. प्रत्येक हालचालीसाठी स्वतंत्र चकती घडवावी लागते आणि हालचाल बदलावयाची तर चकती बदलावी लागते.

दि. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले. तेथील 'जंगल क्रूझ' या नौकाविहारात जिवंत प्राणी ठेवण्याचा डिस्ने यांचा मूळ विचार होता. प्राणी दिवसा झोपतात, लपून बसतात आणि नाव येताच दर्शन देण्याचे बंधन पाळत नाहीत, हे जाणकारांनी लक्षात आणून दिल्यावर यांत्रिक पाणघोडे व हत्ती यांची योजना झाली. हा निर्णय वरवर किरकोळ वाटतो. परंतु ॲनिमॅट्रॉनिक पुतळ्यामागील आर्थिक तर्क येथेच प्रथम व्यक्त झाला. पुतळा थकत नाही, वेतन मागत नाही आणि ठरलेल्या क्षणी चुकत नाही, निदान चुकू नये अशी अपेक्षा असते.

खरा तांत्रिक बदल २३ जून १९६३ रोजी सुरू झालेल्या 'एन्चँटेड टिकी रूम' मध्ये झाला. पॉलिनेशियन पद्धतीने सजविलेल्या या दालनात पक्षी आणि त्यांच्या जोडीला फुले व लाकडी मूर्ती गात होत्या. ही जागा आरंभी उपाहारगृह म्हणून योजलेली होती. येथे चकतीची जागा ध्वनिफितीने घेतली. चुंबकीय फितीवर संगीताबरोबर काही विशिष्ट स्वर नोंदविलेले असत. त्या स्वराने धातूची पातळ पट्टी कंप पावे, विद्युतमंडल पूर्ण होई आणि दाबलेल्या हवेची झडप उघडून पक्ष्याची चोच हले. आवाज आणि हालचाल एकाच फितीवर आल्याने ती दोन्ही एकमेकांपासून ढळण्याचा संभव उरला नाही. 'ऑडिओ-ॲनिमॅट्रॉनिक्स' या नावातील 'ऑडिओ' चा खरा अर्थ हा आहे. मराठीत आपण 'कळसूत्री बाहुली' म्हणतो तेव्हा सूत्र कोणाच्या तरी हातात आहे हे गृहीत असते. टिकी रूममधील सूत्र फितीवर होते आणि ते हलविणारा हात प्रेक्षक येण्यापूर्वीच आपले काम संपवून निघून गेलेला होता.

लिंकनचा पुतळा :

पक्ष्याची चोच उघडी असते किंवा मिटलेली. मनुष्याच्या चेहऱ्यासाठी एवढे पुरत नाही. हात किती उचलावा, कोणत्या गतीने उचलावा आणि कोठे थांबवावा हे सांगणारी सलग नियंत्रणपद्धती हवी होती. शिवाय खुर्चीतून उठणाऱ्या देहाला हवेच्या दाबाचे बळ अपुरे पडत असल्याने द्रवदाबावर चालणारी यंत्रणा वापरावी लागली. त्याच प्रदर्शनातील 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' मधील पुतळ्यांसाठी वॉथेल रॉजर्स यांनी अंगावर एक चौकट चढवून स्वतः हातवारे केले आणि त्यांच्या हालचालींचे संकेत नोंदवून पुतळ्याला दिले गेले. लिंकनचा चेहरा ब्लेन गिब्सन या शिल्पकाराने घडविला. त्यासाठी लिओनार्ड व्होल्क याने इ.स. १८६० मध्ये लिंकनच्या हयातीत त्याच्या चेहऱ्यावरून घेतलेल्या साच्याचा आधार होता. आवाज मात्र रॉयल डॅनो या नटाचा होता. लिंकनची हत्या इ.स. १८६५ मध्ये झाली, एडिसनचे ध्वनिमुद्रणयंत्र इ.स. १८७७ मधील, तेव्हा लिंकनचा खरा आवाज उपलब्ध असण्याचा प्रश्नच नव्हता.

हा पुतळा प्रदर्शनात कसा पोहोचला हेही उद्बोधक आहे. सर्व राष्ट्राध्यक्षांचे एक दालन उभारण्याची डिस्ने यांची योजना होती आणि लिंकन हा तिचा एक भाग होता. प्रदर्शनाचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांनी कॅलिफोर्नियातील कार्यशाळेत अर्धवट तयार पुतळा पाहिला आणि तो प्रदर्शनात आलाच पाहिजे असा आग्रह धरला. लिंकनची कर्मभूमी असलेल्या इलिनॉय राज्याचे दालन त्यासाठी पुढे आले. डिस्ने स्वतः शिकागोत जन्मलेले होते आणि शाळकरी वयात लिंकनचा वेश करून त्यांनी गेटिसबर्गचे भाषण म्हणून दाखविले होते. या व्यक्तिगत भक्तीचा ठसा पुतळ्यावर आहे.

तथापि पुतळ्याच्या तोंडी गेटिसबर्गचे भाषण नव्हते. संहिता लिंकनच्या वेगवेगळ्या काळातील भाषणांतून उतारे निवडून सांधलेली होती. प्रारंभीचे वाक्य एप्रिल १८६४ मधील बाल्टिमोरच्या भाषणातील होते; मधला भाग सप्टेंबर १८५८ मध्ये एडवर्ड्सव्हिल येथे आणि जानेवारी १८३८ मध्ये स्प्रिंगफिल्ड येथे दिलेल्या भाषणांतून आला होता; शेवट फेब्रुवारी १८६० मधील न्यूयॉर्कच्या कूपर युनियन भाषणाचा होता. शब्द सर्व लिंकनचेच, परंतु असे भाषण लिंकनने कधीही, कोठेही केले नव्हते.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबणे आवश्यक आहे. बाल्टिमोर येथे लिंकनने स्वातंत्र्य या शब्दाची नेमकी व्याख्या नाही, सर्व जण तो शब्द वापरतात पण त्यांचा अर्थ एक नसतो, असे म्हटले. पुतळाही तेथून सुरुवात करतो. मूळ भाषणात यापुढे लांडगा आणि मेंढी यांचा दृष्टान्त आहे : धनगराने मेंढीच्या मानेवरून लांडग्याला हाकलले की मेंढी त्याला तारणहार म्हणते आणि लांडगा स्वातंत्र्याचा शत्रू म्हणतो. ती मेंढी काळ्या रंगाची होती, असेही लिंकनने सूचकपणे जोडले होते. हा दृष्टान्त म्हणजे त्या भाषणाचा गाभा. संकलनातून तो वगळला गेला. स्प्रिंगफिल्डच्या भाषणातील, राष्ट्राला खरा धोका बाहेरून नसून आतून आहे, हा इशारा पुतळ्याने दिला. परंतु तो इशारा ज्या संदर्भात आला होता, म्हणजे मिसिसिपीतील झुंडबळी आणि सेंट लुईस येथे एका संमिश्रवंशीय माणसाला जमावाने जिवंत जाळल्याची घटना, त्या संदर्भाचा मागमूसही उरला नाही. एडवर्ड्सव्हिल आणि कूपर युनियन या दोन्ही भाषणांचा विषय गुलामगिरीचा विस्तार हाच होता. पुतळ्याच्या भाषणात गुलामगिरी हा शब्दच येत नाही.

स्वातंत्र्य हा सर्व देशांतील सर्व माणसांचा वारसा आहे, हा विचार संहितेत राहिला, हेही नमूद करणे न्यायाचे ठरेल. ज्याला ऐकावयाचे असेल त्याला त्यातून बरेच ऐकता येत होते. पण शीतयुद्धाच्या त्या वर्षांत 'हुकूमशाहीचे बीज', 'कायद्याविषयीचा आदर' हे शब्द बहुसंख्य श्रोत्यांना कोणत्या दिशेने नेत असतील याचा अंदाज करणे कठीण नाही. कायद्याचा आदर करा असे लिंकन सांगत होता आणि दालनाबाहेर अन्यायी प्रथांविरुद्ध ठिय्या देणाऱ्यांना कायद्यानेच पकडले जात होते. नागरी हक्क कायद्यावर २ जुलै १९६४ रोजी स्वाक्षरी झाली. प्रदर्शन चालू असतानाच १८ जुलै १९६५ रोजी डिस्नेलँडमध्ये लिंकनची सुधारित दुसरी प्रत सुरू करण्यात आली आणि काही महिने देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर दोन लिंकन एकच भाषण करीत राहिले. महिन्याच्या आतच, ऑगस्टमध्ये, डिस्नेलँडपासून फार दूर नसलेल्या लॉस एंजलिसच्या वॉट्स वस्तीत दंगल उसळली.

संकलन करणाऱ्यांनी हेतुपुरस्सर लबाडी केली असे म्हणण्यास आधार नाही. कोणालाही दुखवू नये आणि सर्वांनी टाळ्या वाजवाव्यात, हा करमणुकीचा स्वाभाविक नियम त्यांनी पाळला. परंतु एखाद्या लेखकाने लिंकनची अवतरणे अशी तोडून जोडली असती तर वाचकाने मूळ भाषण उघडून पाहिले असते. येथे लिंकन स्वतःच उठून उभा राहत होता आणि त्याच्याशी प्रतिवाद करणे शक्य नव्हते.

चाचे, राष्ट्राध्यक्ष आणि पिझ्झा :

न्यूयॉर्कच्या प्रदर्शनातील यशानंतर पुतळ्यांची संख्या झपाट्याने वाढली. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' हा प्रयोग सुरुवातीला पायी फिरून पाहावयाचे मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन म्हणून योजला होता. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' मधील नौकांनी तासाला किती प्रेक्षक नेता येतात हे दाखवून दिल्यावर तोही नौकेतून पाहण्याचा झाला. डिसेंबर १९६६ मध्ये डिस्ने यांचे निधन झाले आणि १८ मार्च १९६७ रोजी हा प्रयोग सुरू झाला. मार्क डेव्हिस या चित्रकाराने यातील विनोदी प्रसंग आखले. व्यंगचित्रकाराची नजर येथे महत्त्वाची ठरली, कारण नाव पुढे सरकत असताना प्रेक्षकाला एक प्रसंग काही सेकंदच दिसतो आणि तेवढ्यात पात्राचा स्वभाव कळला पाहिजे.

सर्व राष्ट्राध्यक्षांचे दालन १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडात साकार झाले. पुढे १९८२ च्या 'अमेरिकन ॲडव्हेंचर' मध्ये बेंजामिन फ्रँकलिन व मार्क ट्वेन यांच्यासह फ्रेडरिक डग्लस आणि नेझ पर्स जमातीचे नेते चीफ जोसेफ बोलू लागले. पूर्वी वगळलेला विषय दारातून आत आला होता. डिस्नेबाहेरील कथा वेगळीच आहे. व्हिडिओ गेम उद्योगातील नोलन बुशनेल यांनी १९७७ मध्ये सॅन होजे येथे पुतळ्यांचा वाद्यवृंद असलेले पिझ्झागृह काढले आणि ती साखळी 'चक ई. चीज' या नावाने प्रसिद्ध झाली. तेथे पुतळ्यांकडून इतिहासाची नव्हे, फक्त मुलांना रमविण्याची अपेक्षा होती. विसावे शतक संपता संपता तेही साधेना, आणि २०१७ मध्ये कंपनीने हे पुतळे टप्प्याटप्प्याने काढण्याचे जाहीर केले.

इतिहासकारांचा हस्तक्षेप :

डिस्नेच्या इतिहासकथनाची पद्धतशीर चिकित्सा प्रथम माइक वॉलेस यांनी १९८५ च्या 'मिकी माऊस हिस्टरी' या निबंधात केली. संघर्ष गाळून प्रगतीची सलग कथा सांगणे हा या कथनाचा दोष त्यांनी दाखविला. यानंतर जे घडले ते अकादमिक जगाला फारसे परिचित नाही, पण दखल घेण्याजोगे आहे. पुनर्रचना काळाचे ख्यातनाम अभ्यासक एरिक फोनर यांनी राष्ट्राध्यक्षांच्या दालनातील मांडणीवर आक्षेप घेतला आणि संस्थेने त्यांचेच साहाय्य घेऊन १९९३ मध्ये संहिता नव्याने लिहविली. गुलामगिरीचा प्रश्न आता केंद्रस्थानी आला आणि निवेदनासाठी कवयित्री माया अँजेलो यांचा आवाज योजण्यात आला. त्याच वर्षी विद्यमान राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या पुतळ्यालाही भाषण देण्यात आले. मृतांच्या रांगेत जिवंत राजकारणी बोलू लागल्यावर दालन तटस्थ राहणे अवघड होते, आणि पुढील प्रत्येक निवडणुकीनंतर ते जाणवत गेले.

सर्वच प्रसंगी असा समेट झाला नाही. व्हर्जिनियात अमेरिकन इतिहासावरील स्वतंत्र उद्यान काढण्याची नोव्हेंबर १९९३ मधील घोषणा इतिहासकार आणि स्थानिक रहिवासी यांच्या विरोधामुळे सप्टेंबर १९९४ मध्ये मागे घ्यावी लागली. चाच्यांच्या प्रयोगातील स्त्रियांच्या लिलावाचे दृश्य पन्नास वर्षे विनोद म्हणून चालले. २०१८ मध्ये ते बदलून लिलावात उभी असलेली लाल केसांची स्त्री स्वतःच चाची झाली. जंगल क्रूझमधील मूळ रहिवाशांचे हास्यास्पद चित्रण २०२१ मध्ये काढण्यात आले. पुतळा तोच राहतो, त्याचे कपडे, जागा आणि फीत बदलते. छापील पुस्तकाची जुनी आवृत्ती ग्रंथालयात सापडते. पुतळ्याची जुनी आवृत्ती मात्र नव्या आवृत्तीच्या खाली पुसली जाते, ही अभ्यासकाची मोठीच अडचण आहे.

लिंकनच्या संहितेचा प्रवासही असाच वळणावळणाचा झाला. १९७३ मध्ये हा प्रयोग बंद करून त्या सभागृहात डिस्ने यांच्या जीवनावरील कार्यक्रम सुरू झाला. प्रेक्षकांनी नाराजी व्यक्त केली आणि १९७५ मध्ये लिंकन परतला. २००१ मध्ये जुने संकलन बाजूस सारून गेटिसबर्गचे भाषण घेतले गेले. २००९ मध्ये नव्या विद्युत यंत्रणेचा, अधिक बोलका चेहरा बसविताना पुन्हा रॉयल डॅनो यांच्याच मूळ ध्वनिमुद्रणाकडे जावे लागले. चाळीस वर्षे एक आवाज ऐकल्यानंतर प्रेक्षकांच्या लेखी तोच लिंकनचा आवाज झाला होता.

दि. १७ जुलै २०२५ रोजी, डिस्नेलँडच्या सत्तराव्या वर्धापनदिनी, याच सभागृहात स्वतः वॉल्ट डिस्ने यांचा पुतळा बोलू लागला. त्यांच्या नातीने आधीच्या वर्षी या कल्पनेला जाहीर विरोध केला होता. आजोबांना असे यंत्र बनविणे त्यांच्या माणूसपणाला उणेपणा आणणारे आहे, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. संस्थेने यावेळी नट घेतला नाही. डिस्ने यांच्या निरनिराळ्या काळातील ध्वनिमुद्रित मुलाखती व भाषणांतून वाक्ये निवडण्यात आली आणि ती सलग एका निवेदनात सांधण्यात आली.